कंटेनरची सफाई: काय जाते, काय राहते

सर्व्हरवर चालणारी एखादी सेवा अचानक बंद पडते. प्रोग्राममध्ये चूक नसते, यंत्रात बिघाड नसतो, नेटवर्कही सुरळीत असते. तपासणीअंती आढळते की डिस्कवर जागाच उरलेली नाही आणि नवी नोंद लिहिता येत नसल्याने डेटाबेसने काम थांबविले आहे. ही जागा कशाने व्यापली याचा शोध घेतला, तर अनेकदा महिनोन्‌महिने साचत गेलेले आणि कोणीही वापरत नसलेले सॉफ्टवेअर कंटेनर व त्यांच्यामागे उरलेले सामान पुढे येते.

ही अडगळ दूर करण्यासाठी कमांड लाइनवरील एक ओळ पुरेशी असते. मात्र त्याच ओळीत एक शब्द अधिक टंकला गेला, तर अडगळीबरोबर ग्राहकांची, रुग्णांची किंवा विद्यार्थ्यांची माहितीही कायमची पुसली जाऊ शकते. त्यामुळे सफाईची आज्ञा पाठ असण्यापेक्षा ती नेमके काय काढते आणि काय मागे ठेवते, हे समजणे अधिक महत्त्वाचे ठरते.

कंटेनर म्हणजे काय?

ही संज्ञा मालवाहतुकीतून आली आहे. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात उतरणाऱ्या पोलादी पेटीत कापड आहे की यंत्रसामग्री, याच्याशी क्रेनला कर्तव्य नसते. पेटीचे माप ठरलेले असते आणि तेवढे पुरते. सॉफ्टवेअर कंटेनरची कल्पनाही अशीच आहे. एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या सर्व फायली एका पेटीत बंद केल्या जातात. ती पेटी विकसकाच्या लॅपटॉपवर जशी चालते, तशीच ती दूरच्या डेटा सेंटरमध्येही चालावी, हा त्यामागील हेतू असतो.

या कल्पनेची मुळे जुनी आहेत. एखाद्या प्रक्रियेला फाइल व्यवस्थेचा मर्यादित भागच दिसावा, अशी सोय युनिक्समध्ये १९७९ साली आली. प्रक्रियांच्या गटाला किती स्मृती आणि किती प्रोसेसर वेळ मिळावा हे ठरविणारी यंत्रणा २००८ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये समाविष्ट झाली. मार्च २०१३ मध्ये डॉटक्लाउड या कंपनीने ‘डॉकर’ हे साधन जगासमोर मांडले आणि हे तंत्र सामान्य विकसकांच्या आवाक्यात आले. डॉकर म्हणजे गोदी कामगार. पाठीवर पेट्या वाहून नेणारा देवमासा हे या साधनाचे बोधचिन्ह आहे.

थांबला म्हणजे गेला नव्हे

कंटेनरमधील काम संपले की कंटेनर थांबतो, परंतु तो नाहीसा होत नाही. डॉकर त्याला ‘एक्झिटेड’ म्हणजे बाहेर पडलेला अशी अवस्था देऊन तसाच राखून ठेवतो. यामागे कारण आहे. काम यशस्वी झाले की मध्येच कोसळले, कोसळले असल्यास का, हे नंतर तपासता यावे यासाठी त्याचे अवशेष आवश्यक असतात.

कंटेनरची रचना थरांची असते. खाली इमेज असते. इमेज म्हणजे ज्यावरून कंटेनर तयार होतो तो न बदलणारा साचा. त्यावर प्रत्येक कंटेनरसाठी लिहिता येण्याजोगा एक पातळ थर दिला जातो. प्रोग्रामने चालू असताना तयार केलेल्या फायली, अन्यत्र साठविण्याची व्यवस्था केली नसल्यास, याच थरात राहतात. कंटेनर थांबला तरी हा थर शाबूत असतो. कंटेनर काढून टाकला की तो थर आणि कंटेनरच्या नोंदवह्या, म्हणजे लॉग, दोन्ही नष्ट होतात.

इमेजही साचत जातात. त्याच नावाने नवी इमेज बांधली, की ते नाव नव्या इमेजकडे जाते आणि जुनी इमेज निनावी होऊन डिस्कवर पडून राहते. तांत्रिक भाषेत तिला ‘डँगलिंग’ म्हणजे लोंबकळणारी इमेज म्हणतात. याशिवाय पुढील बांधणी लवकर व्हावी म्हणून मधल्या टप्प्यांचा साठा, अर्थात बिल्ड कॅश, ठेवला जातो. रोज अनेकदा बांधणी होत असलेल्या यंत्रावर थांबलेल्या कंटेनरपेक्षा या दोन गोष्टीच बहुधा अधिक जागा घेतात.

आधी पाहणी, मग सफाई

पुढे उल्लेखिलेल्या आज्ञा प्रत्यक्ष संगणकावर रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

पाहणीसाठीची पहिली आज्ञा ‘डॉकर सिस्टिम डीएफ’ ही होय. इमेज, कंटेनर, स्थानिक व्हॉल्यूम आणि बिल्ड कॅश यांनी किती जागा व्यापली आहे आणि त्यापैकी किती परत मिळू शकते, याचा तक्ता ती दाखविते. त्यापुढे ‘-व्ही’ हा पर्याय जोडल्यास प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र तपशील मिळतो.

दुसरी आज्ञा ‘डॉकर पीएस -ए’ ही आहे. केवळ ‘डॉकर पीएस’ टंकल्यास चालू कंटेनरच दिसतात. ‘-ए’ जोडल्यावर थांबलेलेही यादीत येतात, आणि अनेकांना आपल्या यंत्रावर किती अडगळ आहे हे प्रथमच कळते. यादीत प्रत्येक कंटेनरचे नाव, तो कोणत्या इमेजवरून तयार झाला, केव्हा तयार झाला आणि कोणत्या स्थितीत थांबला ही माहिती असते.

या यादीतील दोन खुणा उपयोगी पडतात. पहिली खूण अवस्थेपुढील कंसातील आकड्याची. शून्य असल्यास काम सुरळीत संपले असे समजावे. १३७ हा आकडा प्रक्रिया सक्तीने मारली गेल्याचे सांगतो. स्मृती अपुरी पडणे हे त्याचे एक नेहमीचे कारण असते. असा कंटेनर काढण्यापूर्वी ‘डॉकर लॉग्ज’ या आज्ञेने त्याची नोंदवही पाहणे हिताचे, कारण कंटेनरबरोबर बिघाडाचा पुरावाही जातो.

दुसरी खूण नावाची. कंटेनर सुरू करताना नाव दिले नाही, तर डॉकर स्वतःच एक इंग्रजी विशेषण आणि एखाद्या नामवंत संशोधकाचे नाव जोडून त्याचे बारसे करतो. त्या नामावलीत आर्यभट, ब्रह्मगुप्त, रामानुजन, रामन आणि विश्वेश्वरय्या हेही आहेत. असे आपोआप पडलेले नाव दिसले, तर तो कंटेनर बहुधा प्रयोगादाखल चालविलेला असतो. मात्र ही केवळ खूण आहे, खात्री नव्हे.

एकेक कंटेनर काढणे

मोजकेच कंटेनर काढायचे असतील, तर ‘डॉकर आरएम’ ही आज्ञा आणि त्यापुढे कंटेनरचे नाव किंवा क्रमांक द्यावा. हा क्रमांक ६४ चिन्हांचा असतो. यादीत त्यातील पहिली १२ चिन्हे दिसतात आणि इतर कंटेनरशी गोंधळ होणार नाही इतकी सुरुवातीची चिन्हे दिली तरी काम भागते.

चालू कंटेनर या आज्ञेने निघत नाही; डॉकर त्यास नकार देतो. तो आधी ‘डॉकर स्टॉप’ने थांबवावा लागतो. ही आज्ञा प्रोग्रामला आवराआवर करण्याची सूचना देते, लिनक्सवर सामान्यतः १० सेकंद वाट पाहते आणि त्यानंतरच तो सक्तीने बंद करते. ‘डॉकर आरएम -एफ’ ही सवलत देत नाही. डेटाबेस लिहीत असताना त्यावर अशी सक्ती करणे धोक्याचे असते.

ज्या कंटेनरचे काम एकदाच करायचे आहे, तो सुरू करतानाच ‘--आरएम’ हा पर्याय दिल्यास काम संपताच तो स्वतःहून निघून जातो. अडगळ मुळातच साचू नये यासाठी हा सर्वांत सोपा उपाय आहे.

छाटणीच्या आज्ञा

शेकडो कंटेनर एकेक करून काढणे व्यवहार्य नसते. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या डॉकरच्या १.१३ या आवृत्तीत यासाठी ‘प्रून’ या आज्ञांचा संच देण्यात आला. प्रून म्हणजे छाटणी. द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करणाऱ्या शेतकऱ्याला हा शब्द परका नाही. कोणती काडी ठेवायची हे ठरल्याशिवाय तो कात्री चालवीत नाही.

या संचातील आज्ञांची व्याप्ती पुढीलप्रमाणे आहे.

‘डॉकर कंटेनर प्रून’ ही आज्ञा थांबलेले सर्व कंटेनर काढते. तयार केलेले परंतु कधीच न चालविलेले कंटेनरही त्यात जातात.

‘डॉकर इमेज प्रून’ ही आज्ञा लोंबकळणाऱ्या निनावी इमेज काढते. ‘-ए’ जोडल्यास ज्या इमेजवर एकही कंटेनर आधारलेला नाही, अशा नाव असलेल्या इमेजही जातात.

‘डॉकर नेटवर्क प्रून’ ही आज्ञा कोणताही कंटेनर वापरत नसलेली आभासी नेटवर्क काढते, तर ‘डॉकर बिल्डर प्रून’ बिल्ड कॅश मोकळा करते.

‘डॉकर सिस्टिम प्रून’ ही आज्ञा वरील सर्व कामे एकत्र करते. थांबलेले कंटेनर, विनावापर नेटवर्क, लोंबकळणाऱ्या इमेज आणि वापरात नसलेला बिल्ड कॅश एका फटक्यात जातो. काम संपल्यावर एकूण किती जागा मोकळी झाली तेही ती सांगते.

प्रत्येक आज्ञा आधी इशारा देते आणि होकार मागते. परंतु त्या इशाऱ्यात ‘सर्व थांबलेले कंटेनर’ असा प्रकार लिहिलेला असतो. कोणते कंटेनर, त्यांची नावे काय, हे तेथे दिसत नाही. म्हणूनच वर सांगितलेली पाहणी आधी करावी लागते. ‘-एफ’ जोडल्यास होकारही मागितला जात नाही. सरावाने हा पर्याय जोडण्याची सवय लागते आणि अपघात तेथूनच घडतात.

‘वापरात नसलेले’ याचा अर्थ

या सर्व आज्ञांचा गाभा ‘वापरात नसलेले’ या दोन शब्दांत आहे, आणि गैरसमजाचे मूळही तेथेच आहे. माणसाच्या दृष्टीने वापरात नसलेली वस्तू म्हणजे ज्याची पुन्हा गरज पडणार नाही असे काही. डॉकरच्या दृष्टीने अर्थ निराळा आहे: जो कंटेनर या क्षणी चालू नाही तो वापरात नाही, आणि ज्या इमेजशी वा व्हॉल्यूमशी एकही कंटेनर जोडलेला नाही तेही वापरात नाही. पुढील आठवड्यात लागणारा कंटेनर आणि तीन वर्षांपूर्वी विसरलेला कंटेनर यांत तो फरक करीत नाही.

समजा, दुरुस्तीसाठी रात्री एका डेटाबेसचा कंटेनर थांबविला आहे. त्याच वेळी दुसऱ्या कर्मचाऱ्याने डिस्क मोकळी करण्यासाठी सिस्टिम प्रून चालविले. तो कंटेनर थांबलेला असल्याने काढला गेला. आता त्याच्याशी जोडलेल्या व्हॉल्यूमला कोणी वाली उरला नाही. म्हणजे तेही ‘वापरात नसलेले’ झाले. आज्ञेत व्हॉल्यूम काढण्याचा पर्याय असेल, तर पहिल्या पायरीने दुसऱ्या पायरीची वाट मोकळी करून दिली.

‘अनटिल’ या गाळणीबाबतही अशीच दक्षता हवी. ‘२४एच’ हे मूल्य दिल्यास २४ तासांहून जुने कंटेनरच काढले जातात. मात्र हे वय कंटेनर तयार झाल्यापासून मोजले जाते, थांबल्यापासून नव्हे. वर्षभर अखंड चाललेला आणि तासाभरापूर्वी थांबविलेला कंटेनर या गाळणीतून वाचत नाही. अधिक भरवशाचा मार्ग लेबलचा आहे. जपून ठेवायच्या कंटेनरला तयार करतानाच लेबल द्यावे आणि ते लेबल नसलेलेच काढावेत, अशी अट आज्ञेत घालता येते.

व्हॉल्यूम: सर्वांत नाजूक भाग

व्हॉल्यूम म्हणजे कंटेनरच्या बाहेर, डॉकरच्या देखरेखीखाली राहणारी साठवण. कंटेनर बदलला, नवी आवृत्ती आली, तरी माहिती टिकावी यासाठी ती असते. डेटाबेसच्या फायली येथेच ठेवण्याची शिफारस केली जाते. कंटेनर पुन्हा तयार करता येतो, इमेज पुन्हा बांधता किंवा उतरवून घेता येते. व्हॉल्यूममधील माहितीची प्रत अन्यत्र नसेल, तर ती पुन्हा कोठूनही आणता येत नाही, आणि डॉकरमध्ये पुसलेले परत घेण्याची आज्ञा नाही.

व्हॉल्यूमबाबत या आज्ञांचे वर्तन काळानुसार बदलत गेले आहे. २०१७ च्या आरंभी ‘सिस्टिम प्रून’ ही आज्ञा विनावापर व्हॉल्यूमही आपोआप काढीत असे. त्याच वर्षी आलेल्या १७.०६.१ या आवृत्तीपासून त्यासाठी ‘--व्हॉल्यूम्स’ हा पर्याय स्पष्टपणे देणे आवश्यक झाले. फेब्रुवारी २०२३ मधील २३.० या आवृत्तीपासून आणखी एक कवच मिळाले: ‘डॉकर व्हॉल्यूम प्रून’ आता केवळ निनावी व्हॉल्यूम काढते, नाव दिलेले व्हॉल्यूम काढण्यासाठी ‘-ए’ लिहावे लागते.

या बदलांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, जुन्या आवृत्तीच्या यंत्रावर तीच ओळ अधिक विध्वंसक ठरू शकते; म्हणून अनोळखी सर्व्हरवर आधी ‘डॉकर व्हर्जन’ पाहावे. दोन, महत्त्वाच्या व्हॉल्यूमला नाव देणे हीच एक सुरक्षा आहे. निनावी व्हॉल्यूममध्ये ठेवलेल्या माहितीला आजच्या आवृत्तीतही हे कवच मिळत नाही.

अनेक कंटेनर एकत्र चालविणाऱ्या ‘डॉकर कंपोज’मध्येही हीच मेख आहे. ‘डॉकर कंपोज डाउन’ कंटेनर आणि नेटवर्क काढते, व्हॉल्यूम राहतात. त्याच ओळीत ‘-व्ही’ जोडल्यास त्या प्रकल्पात घोषित केलेले नावाचे व्हॉल्यूमही जातात. पाहणीच्या आज्ञेत तपशील दाखविणारे ‘-व्ही’ हे अक्षर येथे माहिती पुसण्याचे काम करते, हे ध्यानात ठेवावे लागते.

छाटणीनंतरही जागा न मिळाल्यास

काही वेळा सर्व छाटणी करूनही डिस्क भरलेलीच राहते. याचे एक नेहमीचे कारण चालू कंटेनरचे लॉग हे असते. डॉकरची मूळ लॉग व्यवस्था फाइलच्या आकारावर मर्यादा घालत नाही. बोलका प्रोग्राम महिनोन्‌महिने चालला तर एकच फाइल कित्येक गिगाबाइटची होते. प्रून आज्ञा चालू कंटेनरला हात लावत नसल्याने ती तशीच राहते. डॉकरच्या संरचना फाइलमध्ये लॉगचा कमाल आकार आणि फायलींची संख्या ठरविता येते. मात्र ही मर्यादा त्यानंतर नव्याने तयार केलेल्या कंटेनरनाच लागू होते.

लिनक्सवर डॉकरचा साठा ज्या निर्देशिकेत असतो, तेथे शिरून हाताने फायली पुसण्याचा मोह टाळावा. तेथील थर अनेक इमेज व कंटेनरमध्ये सामायिक असतात आणि डॉकरच्या अंतर्गत नोंदींशी जोडलेले असतात. एक थर पुसल्याने संबंध नसलेला कंटेनरही बंद पडू शकतो.

‘इमेज प्रून -ए’ वापरण्यापूर्वीही विचार करावा. सार्वजनिक संग्रहातील इमेज पुन्हा उतरविता येतात, परंतु नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हबने मोफत वापरकर्त्यांच्या उतरवणीवर मर्यादा घातल्या आहेत. जी इमेज केवळ त्याच यंत्रावर बांधली गेली आणि जिची कृती कोठे जतन केलेली नाही, ती तर गेलीच म्हणायची.

स्वयंचलित सफाई

बांधणी आणि चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रांवर ठरावीक वेळी प्रून चालविण्याची व्यवस्था सर्रास केली जाते आणि ती योग्यही आहे, कारण तेथे कायमची माहिती नसते. प्रत्यक्ष सेवा देणाऱ्या सर्व्हरवर हीच ओळ जशीच्या तशी ठेवणे जोखमीचे असते. तेथे व्हॉल्यूमचा पर्याय स्वयंचलित आज्ञेत कधीही नसावा.

मोठ्या प्रमाणावर कंटेनर चालविणाऱ्या कुबरनेटिसमध्ये ही जबाबदारी प्रणालीच घेते. इमेजच्या डिस्कचा वापर मूळ संरचनेनुसार ८५ टक्क्यांवर गेला की विनावापर इमेज काढण्यास प्रारंभ होतो आणि वापर ८० टक्क्यांपर्यंत उतरेपर्यंत तो चालू राहतो. डॉकरऐवजी पॉडमन वापरणाऱ्यांना जवळपास याच नावाच्या आज्ञा उपलब्ध आहेत. तथापि नाव एक असले तरी पर्यायांचे अर्थ आवृत्तीनुसार बदलू शकतात, त्यामुळे ‘--हेल्प’ वाचून घेणे श्रेयस्कर.

सफाईचा क्रम

या साऱ्याचा सारांश एका क्रमात सांगता येतो. प्रथम जागा कशाने व्यापली ते पाहावे. थांबलेल्या कंटेनरची यादी वाचावी आणि ज्याचा उलगडा होत नाही त्याबद्दल सहकाऱ्यांना विचारावे. आवश्यक लॉग आणि फायली बाहेर काढून घ्याव्यात. त्यासाठी ‘डॉकर सीपी’ ही आज्ञा थांबलेल्या कंटेनरवरही चालते. व्हॉल्यूमची प्रत दुसऱ्या यंत्रावर घ्यावी आणि ती प्रत खरोखर उघडते का, याची एकदा चाचणी करावी. त्यानंतर कंटेनर, मग इमेज, मग बिल्ड कॅश या क्रमाने छाटणी करावी आणि प्रत्येक पायरीनंतर किती जागा मिळाली ते तपासावे. पुरेशी जागा मिळाली, की तेथेच थांबावे.

व्हॉल्यूमची छाटणी सर्वांत शेवटी, स्वतंत्रपणे आणि नावे वाचूनच करावी. डिस्क भरल्यामुळे बंद पडलेली सेवा काही मिनिटांत पुन्हा सुरू करता येते. घाईच्या सफाईत पुसलेली माहिती मात्र प्रत नसेल तर परत येत नाही, मग सर्व्हरवर कितीही जागा मोकळी झालेली असो.